भविष्यकथन आणि दैवीपणाचे दावे कसे तपासावेत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात या विषयावर बोलायला उभे राहिले की व्याख्यानापेक्षा नंतरची प्रश्नोत्तरे लांबतात, आणि महाल असो, नंदनवन असो की धरमपेठ, प्रश्न बहुधा तेच असतात. त्यांपैकी काहींची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत. ईश्वर आहे की नाही हा प्रश्न या पानाच्या कक्षेत येत नाही. एखादी व्यक्ती स्वतःविषयी किंवा पुढे घडणाऱ्या घटनेविषयी जे ठामपणे सांगते, ते खरे की खोटे हे कोणत्या मापाने ठरवायचे, एवढाच येथे विषय आहे.

दावा तपासायचा म्हणजे नेमके काय तपासायचे?

"महाराजांनी माझ्या भावाचा अपघात आधीच सांगितला होता, ते साक्षात दत्ताचे अवतार आहेत," हे वाक्य ऐकताना एक वाटते, पण त्यात तीन दावे एकमेकांत गुंतलेले आहेत. अपघात होण्यापूर्वी तो सांगितला गेला होता, हा पहिला. ते सांगणे अंदाजाने, योगायोगाने किंवा कुणाकडून कळलेल्या माहितीवरून शक्य नव्हते, हा दुसरा. आणि म्हणून सांगणारा दैवी आहे, हा तिसरा. बहुतेक वाद तिसऱ्या दाव्यावर पेटतात आणि पहिल्याचा पुरावा कुणी मागतच नाही.

तिसऱ्या पायरीवरची चूक आपल्या न्यायशास्त्राने, म्हणजे प्राचीन तर्कशास्त्राने, फार पूर्वी नेमकी दाखवलेली आहे. जेथे धूर तेथे अग्नी, हे ठीक; पण जेथे अग्नी तेथे धूर, हे चूक, कारण धूर निघायला सरपण ओले असावे लागते. नैयायिक या ओल्या सरपणाला 'उपाधी' म्हणतात. दैवी पुरुष अचूक सांगेल असे वादापुरते मान्य केले, तरी अचूक सांगितले म्हणून तो दैवी ठरत नाही. अचूकपणामागे दुसरी एखादी उपाधी, म्हणजे आगाऊ माहिती, शक्यतेचे गणित किंवा साधी हातचलाखी, नाही ना, हे आधी पाहावे लागते.

कोणते भाकीत तपासण्याजोगे असते?

ज्यात काय घडेल, कोठे घडेल, कधीपर्यंत घडेल आणि घडले की नाही हे कोण ठरवेल, या चारही गोष्टी घटनेच्या आधी लिहिल्या गेल्या आहेत, असे भाकीत तपासता येते. त्याशिवाय ते चुकण्याची खरीखुरी शक्यताही असली पाहिजे. "मे महिन्यात नागपुरात कडक ऊन पडेल" हे भाकीत दरवर्षी खरे ठरते आणि त्याबद्दल कुणी कुणाच्या पाया पडत नाही. "येत्या काळात एका मोठ्या नेत्यावर संकट येईल" या वाक्यात काळ, नेता आणि संकट हे तिन्ही शब्द रबरासारखे ताणता येतात, म्हणून ते खरे की खोटे हा प्रश्न त्याला लागूच होत नाही. असे वाक्य चुकीचे म्हणून नव्हे, तर रिकामे म्हणून बाजूला ठेवावे.

भेंडवळच्या घटमांडणीला हे निकष लावता येतात का?

हा प्रश्न विदर्भात हमखास येतो आणि तो यायलाच हवा, कारण मोघम भविष्यापेक्षा ही परंपरा कितीतरी अधिक तपासण्याजोगी आहे. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला संध्याकाळी शेतात घट मांडतात. गोलाकार अठरा प्रकारची धान्ये, मध्ये खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, वर पाण्याची घागर आणि तिच्यावर पापड, कुरडई, करंजी, विड्याचे पान असे पदार्थ ठेवले जातात. रात्री तेथे कुणी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणते धान्य सरकले, कोणते ढेकूळ किती भिजले, पान जागेवर आहे की नाही हे पाहून पाऊस, पीक आणि राजकारण यांविषयी अंदाज जाहीर होतात. ही परंपरा सुमारे साडेतीनशे वर्षांची असल्याचे सांगितले जाते, आणि वऱ्हाडातले शेतकरी ते अंदाज ऐकायला मुद्दाम पहाटे पोचतात.

जाहीरपणा आणि तारीख या दोन अटी येथे आपोआप पूर्ण होतात, आणि त्याबद्दल या परंपरेला मान दिला पाहिजे. अडचण येते ती मापाची. "जूनमध्ये पाऊस कमी, जुलैमध्ये साधारण, ऑगस्टमध्ये चांगला" यातले 'साधारण' म्हणजे किती? हवामान खाते विदर्भासारख्या उपविभागासाठी सरासरीच्या १९ टक्के खाली ते १९ टक्के वर एवढ्या पट्ट्याला 'सामान्य' म्हणते. २० ते ५९ टक्के तूट म्हणजे 'अपुरा' आणि तेवढीच वाढ म्हणजे 'जास्त'. घटमांडणीचे शब्द जाहीर झाले त्याच दिवशी या पट्ट्यांशी जोडून लिहून ठेवले, तर सप्टेंबरअखेर वाद उरत नाही.

तरीही एक काम शिल्लक राहते, आणि तेच बहुतेक जण विसरतात. 'सामान्य'चा पट्टा इतका रुंद आहे की दरवर्षी डोळे मिटून "यंदा पाऊस साधारण" म्हणणारा मनुष्यही बऱ्याच वर्षी बरोबर ठरेल. त्यामुळे घटमांडणी किती वेळा बरोबर आली हे पाहून भागत नाही. या डोळे मिटलेल्या माणसापेक्षा ती किती अधिक वेळा बरोबर आली, हे पाहायला हवे. अशी नोंद करण्यास दहा-पंधरा वर्षे आणि एक वही पुरे. हाच निकष हवामान खात्याच्या दीर्घ पल्ल्याच्या अंदाजालाही लावावा; सरकारी शिक्का असला म्हणून त्याला सूट देण्याचे कारण नाही.

आमच्या गुरुजींची लागोपाठ पाच भाकिते खरी ठरली. हा योगायोग कसा असेल?

समजा, एखाद्याने १०२४ लोकांना मोबाईलवर क्रिकेट सामन्याचे भाकीत पाठवले. अर्ध्यांना "भारत जिंकेल", उरलेल्यांना "हरेल". ज्यांच्याकडे चुकीचे भाकीत गेले त्यांना तो सोडून देतो आणि उरलेल्या ५१२ जणांना पुढच्या सामन्याचे पाठवतो. पाचव्या सामन्यानंतर ३२ लोक असे उरतात, ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाचपैकी पाच भाकिते खरी ठरताना पाहिली आहेत. सहावे भाकीत विकत घ्यायला ते पैसे घेऊन जामठ्याच्या मैदानापर्यंत चालत येतील. या ३२ जणांपैकी एकही खोटे बोलत नाही. त्यांना उरलेले ९९२ जण दिसत नाहीत, एवढेच.

बाबा-महाराजांच्या दरबारात असे मुद्दाम कुणी करतेच असे नाही. ज्यांचे भविष्य चुकले ते पुन्हा येत नाहीत, ज्यांचे बरोबर आले ते चार नातेवाईक घेऊन येतात, आणि ही गाळणी आपोआप चालू राहते. म्हणून "किती खरी ठरली" असे विचारण्याआधी "एकूण किती केली" हे विचारावे, आणि त्याचे उत्तर आठवणीतून देऊ नये, नोंदीतून द्यावे.

एक जुनी युक्तीही येथे सांगून ठेवतो. होणाऱ्या आईला तोंडी "मुलगा" सांगायचे आणि तिच्यादेखत, पण तिला न दाखवता, वहीत "मुलगी" लिहायचे. मुलगा झाला तर वही कुणी मागत नाही. मुलगी झाली आणि घरचे भांडायला आले, तर वही उघडून दाखवायची: "ताई, तुमचा ऐकण्यात घोटाळा झाला, मी तर लिहूनच ठेवलं होतं."

पत्रिकेची शास्त्रीय चाचणी कधी झाली आहे का?

झाली आहे, आणि ती महाराष्ट्रातच झाली आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर, सांख्यिकीचे प्रा. सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्या साहाय्याने २००८ मध्ये २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या. त्यांपैकी १०० मुले शाळेत हुशार म्हणून निवडलेली आणि १०० मतिमंद मुलांच्या शाळांतील होती. पत्रिकांना फक्त क्रमांक दिले आणि ज्योतिषांना आवाहन केले. प्रत्येकाला ४० पत्रिका देऊन, कोणती हुशार मुलाची आणि कोणती मतिमंद मुलाची एवढेच सांगायचे होते. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सरासरी यश ४६ टक्के होते आणि सर्वांत चांगली कामगिरी ४० पैकी २४. एका संस्थेने सर्व २०० पत्रिका तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली. हे निष्कर्ष २००९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

"पण एकाला २४ मिळाले ना?" असे सभेत कुणीतरी विचारतेच. प्रश्न रास्त आहे, म्हणून मी तो आकडेमोड करून पाहिला. नाणे उडवून ४० उत्तरे दिली, तर २४ किंवा त्याहून अधिक बरोबर येण्याची शक्यता शेकडा १३ च्या आसपास असते. म्हणजे २७ जणांनी नुसते नाणे उडवले असते, तरी त्यांतल्या तिघाचौघांना २४ चा टप्पा गाठता आला असता. नाणे उडवणाऱ्या २७ जणांतल्या सर्वोत्तमाकडून जेवढी अपेक्षा धरावी, त्याहून सर्वोत्तम ज्योतिषाचे गुण काहीसे कमीच होते.

अमेरिकेत शॉन कार्लसन यांनी केलेली आणि १९८५ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी वेगळ्या धर्तीची होती. तेथे ज्योतिषांना पत्रिकेशी जुळणारे व्यक्तिमत्त्वाचे वर्णन तीन वर्णनांतून ओळखायचे होते. यश एकतृतीयांशाच्या आसपासच राहिले.

पण मला सांगितलेले तंतोतंत लागू पडले. ते कसे?

१९४८ मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाच्या 'स्वतंत्र' स्वभाववर्णनाचा कागद दिला आणि तो किती अचूक आहे याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ आली. सगळ्यांना एकच मजकूर दिला होता आणि तो बाजारातल्या भविष्याच्या पुस्तकातून घेतलेला होता.

समोरासमोरच्या बैठकीत याहून सूक्ष्म गोष्ट घडते. नंदनवनातील एका घरी, सर्वांच्या परवानगीने, मी अशी एक बैठक मोबाईलवर ध्वनिमुद्रित केली होती. नंतर घरच्या काकू म्हणाल्या, "बघा, त्यांनी यांच्या मोठ्या भावाचं नाव न विचारता सांगितलं." ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकले तेव्हा संवाद असा निघाला :

"घरात 'र' अक्षराचं कुणी आहे... किंवा होतं."
"रजनी? माझी नणंद."
"नाही, पुरुष. वयानं मोठा."
"मग रमेश भाऊजी असतील. पण ते तर वारले."
"तेच. रमेश. त्यांचा आत्मा तुमच्याकडे पाहतो आहे."

नाव काकूंनी सांगितले होते. 'रजनी' हे चुकलेले उत्तर त्यांना आठवतच नव्हते, आणि 'होतं' हा शब्द आधीच टाकून जिवंत-मृत दोन्ही बाजू बांधून ठेवल्याचेही कुणाच्या लक्षात आले नव्हते. काकू खोटे बोलत नव्हत्या. स्मरणशक्ती अशीच काम करते. म्हणूनच आठवणीपेक्षा ध्वनिमुद्रण बरे. नाडीपट्टीच्या, म्हणजे प्रत्येकाचे भविष्य ताडपत्रावर आधीच लिहिलेले आहे असे सांगणाऱ्यांच्या, बैठकीत होय-नाही अशी उत्तरे घेत घेत 'तुमची पट्टी' शोधली जाते, तेथेही आधी ध्वनिमुद्रण करावे आणि मग मत बनवावे.

जुन्या ग्रंथांत लिहिलेले पुढे खरे ठरले, त्याचे काय?

येथे पहिला प्रश्न ग्रंथाच्या वयाचा असतो. भविष्यपुराणाच्या प्रतिसर्गपर्वात मोगल आणि इंग्रज यांचे उल्लेख येतात; अभ्यासक त्यावरून तो भाग त्या घटनांनंतर रचला किंवा वाढवला गेला असे मानतात. हा न्याय केवळ आपल्या ग्रंथांना लावला जातो असे नाही. बायबलमधील दानीएलच्या पुस्तकाविषयी तिसऱ्या शतकातील पॉर्फिरी या तत्त्वज्ञाने हेच म्हटले होते की, ज्या राजाविषयीची भाकिते त्यात इतकी अचूक आहेत, त्या राजाच्या काळातच ते लिहिले गेले असावे. भाकीत ज्या वर्षापर्यंत नेमके असते आणि ज्या वर्षापासून धूसर होते, ते वर्ष लेखनकाळाचा चांगला सुगावा देते.

सोळाव्या शतकातील फ्रेंच भविष्यवेत्ता नॉस्त्रादेमस याच्याबाबत तर शब्दच नंतर जोडले जातात. त्याच्या ओळींतला 'हिस्टर' म्हणजे हिटलर असे सांगितले जाते. वास्तविक ते डॅन्यूब नदीच्या खालच्या प्रवाहाचे लॅटिन नाव आहे. सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर फिरलेल्या 'जुळ्या भावां'च्या ओळी कॅनडातील एका विद्यार्थ्याने आधी लिहिल्या होत्या, आणि त्याही मोघम ओळी कशा कुठेही बसवता येतात हे दाखवण्यासाठी.

विज्ञानही भाकितेच करते. मग फरक काय राहिला?

फरक जबाबदारीचा आहे. एडमंड हॅली यांनी १७०५ मध्ये सांगितले की १६८२ चा धूमकेतू १७५८ च्या सुमारास परत येईल. हॅली १७४२ मध्ये वारले. पुढे फ्रेंच गणिती क्लेरो यांनी गणित अधिक बारकाईने करून, धूमकेतू १७५९ च्या एप्रिलच्या मध्यास सूर्याच्या सर्वांत जवळ येईल आणि यात महिन्याभराची चूक असू शकते, असे जाहीर केले. धूमकेतू २५ डिसेंबर १७५८ ला दिसला आणि १३ मार्च १७५९ ला सूर्याजवळून गेला. स्वतःची चूक किती असू शकते हे आधीच सांगणारे भविष्य दरबारात ऐकल्याचे मला आठवत नाही.

त्याच आकाशाविषयीचे दुसरे उदाहरण १९६२ चे आहे. त्या वर्षी ३ ते ५ फेब्रुवारीला मकर राशीत अष्टग्रही, म्हणजे आठ ग्रहांची युती, जुळून आली. ती केव्हा जुळणार हे पंचांगाच्या गणिताने अचूक सांगितले होते. तिच्यामुळे प्रलय होणार हे फलज्योतिषाने सांगितले होते. देशभर यज्ञ झाले. ५ तारीख उलटली आणि यज्ञांमुळे प्रलय टळला असे सांगण्यात आले.

म्हणजे भाकीत फसले तरी ते फसले असे कुणी मानत नाही?

क्वचितच. 'उपाय केल्यामुळे टळले' ही पळवाट आपल्याकडे सर्वांत रुळलेली आहे, पण जगभर तिची भावंडे आढळतात. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ला ख्रिस्ताच्या पुनरागमनाची वाट पाहिली. तो दिवस गेल्यावर काहींनी घटना स्वर्गात घडली असा अर्थ लावला. हॅरल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ ही तारीख दिली, ती टळल्यावर न्याय अदृश्य रूपात झाला असे म्हटले आणि पुढची तारीख २१ ऑक्टोबर सांगितली. त्यांनी पुढच्या वर्षी आपली चूक जाहीरपणे कबूल केली, हे मात्र त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पळवाटा बंद करण्याचा उपाय एकच: "काय घडले तर तुम्ही हे भाकीत चुकले असे मानाल?" हे घटनेआधी लिहून घ्यायचे.

चमत्कार प्रत्यक्ष पाहिला असेल तर तो दैवीपणाचा पुरावा नाही का?

२१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो ही बातमी देशभर पसरली आणि मंदिरांसमोर रांगा लागल्या. त्या लोकांनी जे पाहिले ते खरेच होते. चमच्यातले दूध खरोखर कमी होत होते. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला तेव्हा पृष्ठताणामुळे ओढले गेलेले दूध मूर्तीवरून पातळ थराने खाली ओघळताना दिसले. पाहणे खरे असू शकते आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा, हे इतक्या स्वस्तात समजावणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

दीक्षाभूमीच्या या शहरात आणखी एक गोष्ट सांगणे उचित ठरेल. दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातील केवट्ट सुत्तात केवट्ट नावाचा गृहस्थ बुद्धांना विनंती करतो की, एखाद्या भिक्खूला चमत्कार करायला सांगा, म्हणजे नालंद्याचे लोक अधिक श्रद्धा ठेवतील. बुद्ध नकार देतात, आणि त्यांनी दिलेले कारण पाहण्यासारखे आहे: भिक्खूने दुसऱ्याच्या मनातले ओळखले, तरी न मानणारा म्हणेल की याला 'मणिका' नावाची विद्या येते. म्हणजे चमत्कारातून वक्त्याचे म्हणणे सिद्ध होत नाही, हे उपाधीचेच तत्त्व तेथे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये बुद्धाला विष्णूचा अवतार मानणे स्पष्टपणे नाकारले आहे. आपल्या आदरणीय पुरुषाला दैवी ठरवण्याचा मोह टाळण्याचे असे उदाहरण धर्मांच्या इतिहासात विरळा.

चाचणीच्या वातावरणात शक्ती काम करत नाही, असे ते म्हणतात.

तसे असेल तर दरबारात ती काम करते हे कशावरून कळले, एवढेच विचारावे. श्रीलंकेत अब्राहम कोवूर यांनी १९६३ मध्ये, अलौकिक शक्ती सिद्ध करून दाखवणाऱ्यास, एक लाख रुपयांचे आव्हान दिले होते. त्यात बंद पाकिटातील नोटेचा क्रमांक वाचून दाखवणे ही एक बाब होती. अमेरिकेत जेम्स रँडी यांचे दहा लाख डॉलरचे आव्हान २०१५ पर्यंत चालले. प्राथमिक चाचणीपुढे कुणीही गेले नाही. नागपुरात जानेवारी २०२३ मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतील श्याम मानव यांनी एका कथावाचकांना दिलेले ३० लाखांचे आव्हान सर्वांना आठवत असेल. ती चाचणी झाली नाही, म्हणून तिच्यावरून कोणत्याही बाजूने सिद्धता मांडू नये.

कायदा याबाबत काय म्हणतो?

महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबर २०१३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातच संमत झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणे, अंगात दैवी शक्ती असल्याचे भासवून फसवणे किंवा धाक घालणे यांसाठी सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. ज्योतिषी आणि नंदीबैलवाले यांचा सल्ला, तसेच दिवंगत संतांच्या चमत्कारांचे कथन या कायद्यातून वगळलेले आहे. दावा खोटा ठरणे आणि तो गुन्हा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही म्हणजे शक्ती सिद्ध झाली, असे होत नाही.

घरच्या घरी चाचणी घ्यायची असल्यास ती कशी घ्यावी?

समोरची व्यक्ती "बंद वस्तू ओळखतो" म्हणत असेल, तर दहा रुपयांच्या दहा नोटा घ्या. ज्याला हा सगळा प्रकार ठाऊक नाही अशा माणसाकडून प्रत्येक नोट काळ्या कागदात गुंडाळून वेगळ्या पाकिटात घालून घ्या, पाकिटे मिसळायला सांगा, लाखेने बंद करून जोडावर सही घ्या. नंतर तो माणूस चाचणीच्या खोलीत नसावा आणि तेथे असलेल्या कुणालाही क्रमांक ठाऊक नसावा, नाहीतर चेहऱ्यावरून उत्तर मिळते. प्रत्येक नोटेचे शेवटचे तीन आकडे विचारा. एक पाकीट नशिबाने बरोबर येण्याची शक्यता हजारात एक आहे, ठरवलेली दोन पाकिटे लागोपाठ बरोबर येण्याची दहा लाखांत एक. किती बरोबर आली तर दावा मान्य करायचा, हे पाकिटे उघडण्यापूर्वी दोघांच्या सहीने लिहावे, आणि समोरच्यालाही "आज मला अडचण आहे" असे म्हणण्याची संधी त्याआधीच द्यावी, नंतर नाही.

आईचा पूर्ण विश्वास आहे. तिला कसे सांगावे?

सांगू नये, तिच्याबरोबर लिहावे. आमच्या घरी आजीचा एका भगतावर विश्वास होता आणि वडिलांनी तिच्याशी त्यावर कधी वाद घातला नाही. पंचांग ज्या खिळ्याला अडकवलेले असे, त्यालाच त्यांनी दोऱ्याने एक वही बांधली. भगताने जे सांगितले ते आजी त्यांना सांगत असे आणि ते तारखेसह, तिच्याच शब्दांत, वहीत उतरत असे. पुढच्या रकान्यात काय झाले ते आजीने सांगायचे. तिसऱ्या वर्षी आजीने वही वाचून घेतली, एकदाच, आणि मग म्हणाली, "याचं भाडं देऊन जाण्यात काही अर्थ नाही, अंगारा तेवढा कुणाकडून मागवून घे."